‘येशू केंद्रस्थानी’ म्हणजे सोमवारी सकाळी नक्की काय करायचं?

भाऊ, जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही ३६ वर्षांचे, वाळूजला एका कारखान्यात फिरत्या पाळीवर कामाला. घरी बायको, दोन लेकरं आणि आई. जन्मापासून ख्रिस्ती. रविवारी उपासनेला जाता, दशांश जमेल तसा देता. पण सोमवारी कंपनीच्या बसमध्ये चढलात की शनिवारपर्यंत येशूची आठवणही येत नाही. पाळक सारखे सांगतात, ‘येशूला जीवनाच्या केंद्रस्थानी ठेवा.’ म्हणून पहाटे चारला उठून तासभर प्रार्थना करायची ठरवलीत. नऊ दिवस चाललं, मग दुसरी पाळी लागली आणि मोडलं. तेव्हापासून मनाला टोचणी आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ लिहिली आहे: ‘मोठ्या भावाशी बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद आहे, पण तो वेगळा विषय.’

त्या ओळीकडे नंतर येतो.

मी २८ वर्षं पाळकी केली, बहुतेक जालना आणि बीड जिल्ह्यांतल्या लहान लहान मंडळ्यांत. आता निवृत्त आहे. ‘केंद्रस्थानी ठेवा’ हे मीही व्यासपीठावरून किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. त्यातल्या निम्म्या वेळा माझ्या मनात त्याचा अर्थ एवढाच होता की लोकांनी उपासनेला वेळेवर यावं आणि मधल्या प्रार्थनासभा चुकवू नयेत. त्यामुळे तुमच्या पाळकांवर रागावू नका. वाक्य बरोबर आहे, ते उलगडून सांगायचं राहून जातं.

तुम्ही विचारलंय, येशूसाठी वेळ कसा काढू? मला वाटतं तुमची अडचण वेळेची कमी आणि जागेची जास्त आहे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक यादी असते: पहिला देव, दुसरं कुटुंब, तिसरी नोकरी, चौथी मंडळी. ऐकायला बरी वाटते. पण यादीतली पहिली गोष्ट उरकली की माणूस तिच्यावर रेघ मारतो आणि दुसरीकडे वळतो. पहाटे तासभर प्रार्थना झाली, देवाचं झालं, आता दिवस माझा. तुमचे ते नऊ दिवस मोडले नसते तरी बसमध्ये चढल्यावर येशू आठवला असता याची मला खात्री वाटत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या खळ्यात मधोमध एक लाकूड पुरलेलं असायचं. आमच्याकडे त्याला मेढ म्हणायचे, काही गावांत तिवडा म्हणतात. ज्वारीची कणसं भोवती पसरायची, बैलांची पात मेढीला बांधायची आणि दिवसभर हाकायची. मेढ काही करत नाही. ती मळत नाही, उफणत नाही. कामं सगळी बैलांचीच आणि माणसांचीच. पण ती मध्ये नसली तर बैल कणसांवर फिरायचे सोडून शेजाऱ्याच्या रानात जातील. तुम्ही मळणीयंत्राच्या काळातले, कदाचित पाहिलं नसेल. आईला विचारा, ती सांगेल. मला केंद्र म्हटलं की ती मेढ दिसते. तिच्यासाठी दिवसातला एक तास बाजूला काढायचा नसतो. दिवस जितका आहे तितका सगळा तिच्या भोवती फिरवायचा असतो.

(मेढीवरून आठवलं. मळणाऱ्या बैलाला मुसकी घालू नको असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात आहे. माझ्या वडिलांनी ते वाचलं होतं, म्हणून आमच्या बैलांना खळ्यात कधी मुसकी नसायची. शेजारी हसायचे, ‘ह्यांचे बैल मळतात कमी अन् खातात जास्त.’ वडिलांना तासभर गुडघे टेकलेलं मी फारसं पाहिलं नाही. पण बैलाचं तोंड मोकळं ठेवताना त्यांच्या मनात कोण होतं ते आम्हा लेकरांना कळत होतं.)

आता परिस्थितीचं बोलू, कारण ती सगळ्यांची सारखी नसते आणि बहुतेक उपदेशक ती सारखीच धरून बोलतात. ज्याची नोकरी दहा ते पाच आहे त्याला पहाटेची शांत वेळ जमते. फिरत्या पाळीवाल्याला ती जमत नाही आणि त्यात पाप काही नाही. आमच्या बीडकडची कितीतरी जोडपी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात ती थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायला रात्री कधीही उठायचं. एकदा मी अशा एका कुटुंबाला भेटायला कारखान्याच्या तळावर गेलो होतो. कोपीत बसून मोठ्या पोक्तपणे बाईंना विचारलं, रोज बायबल वाचता का? त्या म्हणाल्या, “पास्टरसाहेब, मला वाचता येत न्हाई, अन् ह्यांना बसल्या जागी झोप लागती. पण मोळी बांधताना मी एकेका लेकराचं नाव घेऊन देवाला सांगती. मोळ्या लई असत्यात, समदं गाव सांगून होतं.” त्यानंतर कोणाला तो प्रश्न विचारायचं मी सोडून दिलं. परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. जात्यावर बसून देवाशी बोलायची रीत या मातीत कधीपासूनची आहे. आपण ख्रिस्ती झालो आणि देवाशी बोलायला खुर्ची, टेबल आणि शांत खोली लागते असं कुठून शिकलो कोण जाणे.

म्हणून पहाटे चारचा नेम सोडा. माझ्याकडून तुम्हाला परवानगी. त्याच्या जागी काय, ते सांगतो.

एकच शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारं बायबलमधलं एक पुस्तक, हातात घ्या. मार्क घ्या, चारांत सर्वांत लहान, १६ अध्याय. रोज दहा-बारा ओव्या, म्हणजे क्रमांक घातलेली वचनं, त्याहून जास्त नको. मोबाइलवर सकाळी सकाळी फुलांच्या चित्रावर येणारं वचन वाचून होतं त्यात मला वाईट काही म्हणायचं नाही, पण तशी सुटी वचनं वर्षभर वाचून येशू कसा माणूस आहे हे कळत नाही. माणूस कळायला त्याच्या मागे चालावं लागतं, या गावातून त्या गावात. आणि वाचताना एकच पाहा: इथे येशूची नजर कोणाकडे आहे? मार्कच्या १०व्या अध्यायात तो श्रीमंत माणूस येतो, येशू त्याच्याकडे पाहतो आणि त्याच्यावर त्याची प्रीती बसते. सगळं विकून टाक हे त्यानंतर येतं. दानपेटीपाशी सगळे मोठ्या देणग्यांकडे बघत असताना तो विधवेची दोन नाणी बघतो. पुढे लूकचं शुभवर्तमान वाचाल तेव्हा येशूला पाहायला झाडावर चढलेला जक्कय सापडेल, आणि कोंबडा आरवल्यावर येशूने वळून, त्याला नाकारणाऱ्या पेत्राकडे, आपल्याच शिष्याकडे, पाहिलेलं सापडेल. दोन-अडीच महिने हे पाहत राहिलं की आपलीही नजर हळूहळू तिकडे वळायला लागते. कँटीनमध्ये एकटा जेवणारा कंत्राटी पोरगा दिसायला लागतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मला स्वतःला हा बदल वयाच्या पंचेचाळिशीनंतर कळला, पाळक होऊन दहा-बारा वर्षं उलटल्यावर.

दुसरं, छोट्या प्रार्थना. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या २ऱ्या अध्यायात राजा आपल्या प्यालेबरदाराला, नहेम्याला, विचारतो, तुझी मागणी काय? आणि तो उत्तर द्यायच्या आधी देवाची प्रार्थना करतो. राजा समोर बसलेला आहे, हातात प्याला देऊन झालाय. किती वेळ मिळाला असेल? एक श्वास. एवढी प्रार्थना तुम्हाला गेटवर कार्ड लावताना जमेल, मशीन सुरू करताना जमेल, सुपरवायझरने हाक मारली की उठता उठता जमेल. दिवसातल्या तीन ठरावीक जागा निवडा. घड्याळाच्या वेळा निवडू नका, पाळी बदलली की त्या बदलतात. गेट बदलत नाही. शब्द कोणते, याची फार चिंता करू नका. ‘प्रभू, तू इथे आहेस’ एवढं पुरतं. पहिले पंधरा दिवस विसराल. मग आठवायला लागेल, आणि मग कधी कधी नको त्या वेळी आठवेल, म्हणजे शिवी तोंडावर आलेली असताना. तिथून खरी सुरुवात होते.

घरच्या प्रार्थनेचं लवकर सांगतो. लांबवू नका. आमच्या वडिलांच्या पिढीत ती पाऊण तास चालायची, आम्ही भावंडं भिंतीला टेकून झोपायचो आणि ‘आमेन’ला जागे व्हायचो. माझ्या घरी मी ती सात-आठ मिनिटांवर आणली: एक गीत, चार ओव्या, आणि प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, आज कोणाचं मन दुखावलं आणि आज कशाबद्दल देवाचे आभार. लेकरं बापाचं नाव घेऊन ‘पप्पांनी आज माझं ऐकून न घेता मारलं’ असं म्हणायला लागली की समजा प्रार्थना मुळाशी गेली. माफी मागायची तयारी ठेवा. रात्रपाळीच्या आठवड्यात आई आणि बायको घेतील. कुटुंबप्रमुखच घरी पाहिजे असा नियम शास्त्रात कुठे नाही.

आता इथवर जे सांगितलं ते करणारे पुष्कळ भेटतात. नेमाने वाचतात, नेमाने प्रार्थना करतात, आणि तरी एक खोली कुलूपबंद असते. माझ्या एका मंडळीत बांधकामाची लहान कंत्राटं घेणारे एक गृहस्थ होते. प्रार्थनेत रडायचे. माझ्याकडे येऊन म्हणाले, “पास्टरसाहेब, देवाची उपस्थिती जाणवत नाही, उपास करू का?” त्यांच्याकडे आमच्याच वस्तीतल्या चार-पाच बाया विटा-वाळू वाहायला होत्या, आणि त्यांची मजुरी हे दोन-दोन आठवडे मागे ठेवत, बिल निघालं नाही म्हणून. मी म्हटलं, उपास राहू द्या. शनिवारी सूर्य मावळायच्या आत त्यांचे पैसे द्या, मग रविवारी उपासनेला या. अनुवादाच्या २४व्या अध्यायात हेच आहे, आणि बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोब म्हणतो की अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. मग व्याजाने पैसे उचलून मजुरी देऊ लागले, पुढे जमेल तेवढंच काम घेऊ लागले. त्यांचा धंदा वाढला का? नाही, थोडा कमीच झाला. मी तुम्हाला भरभराटीची साक्ष सांगत नाही. फक्त एवढं की ‘उपस्थिती जाणवत नाही’ हा विषय त्यांनी परत काढला नाही.

माझंही सांगतो, नाहीतर हे फार सोपं होईल. २०१६चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते वर्ष. तेव्हा मी ज्या मंडळीत होतो तिथे आवारातल्या बोअरला थोडं पाणी होतं. गल्लीतले लोक घागरी घेऊन फाटकापाशी येऊ लागले. कमिटीची सभा झाली. पाणी आधी आपल्या सभासदांना, उरलं तर बाहेरच्यांना, असा ठराव झाला. तो ठराव माझ्या अक्षरात आहे. सभेच्या सुरुवातीला प्रार्थना मीच केली होती, शेवटीही मीच. मध्ये येशूला विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्यासुद्धा नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मंडळीतली एक म्हातारी आपल्या नंबरावर दोन घागरी भरायची, एक फाटकाबाहेर ठेवायची आणि घरी निघून जायची. कोणाला काही बोलली नाही. चार दिवसांनी फाटक उघडं राहू लागलं. ठराव वहीत अजून तसाच असेल.

एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हा ते निजामाचं राज्य होतं. त्यांना नुसतं उपासनामंदिर बांधून थांबता आलं असतं. त्यांनी गाव वसवलं. शेत, पाणी, पोटापाण्याचा उद्योग आणि उपासना, सगळं एकाच वेशीच्या आत. पुढच्या पिढ्यांत आपण मंदिर राखलं आणि वेस विसरलो. मुलामुलीची सोयरीक जुळवायची वेळ आली की तीन-चार पिढ्यांपूर्वी सोडलेली जात आपल्याला बरोबर आठवते. तेव्हा प्रार्थना ‘योग्य स्थळ मिळू दे’ अशी असते आणि योग्य म्हणजे काय ते देवालाही ठाऊक असतं. हुंड्याला ‘भेट’ म्हटलं की झालं. माझं हे बोलणं पुष्कळांना आवडलेलं नाही, आजही आवडणार नाही.

तर आतापर्यंतचं एवढं: पहाटे चार सोडा, मार्क धरा, गेटवर एक श्वासाची प्रार्थना, घरी सात मिनिटं, आणि कुलूप लावलेली खोली कोणती ते शोधा.

तुमची खोली शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तुम्हीच पत्ता लिहून दिलाय: ‘पण तो वेगळा विषय.’

लूकच्या १२व्या अध्यायात, १३व्या ओवीपासून, अगदी तुमचाच प्रश्न आहे. गर्दीतून एक जण ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा वाटा मला दे म्हणून. येशू म्हणतो, मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि मग लोभापासून सावध राहा असं सांगून त्या धनवानाची गोष्ट सांगतो ज्याने कोठारं मोडून मोठी बांधायचं ठरवलं. येशू बांध कोणाचा ते सांगत नाही. मीही सांगणार नाही, मी तुमचा सातबारा पाहिलेला नाही. तुमचं बरोबर असू शकतं. मोठ्या भावाने खरोखर दोन-तीन हात आत सरकून नांगरलं असेल. भूमी अभिलेखकडे सरकारी मोजणीचा अर्ज करा, त्यात येशूविरुद्ध काही नाही. उलट खुणा कायम झाल्या की दोन्ही घरांच्या पोरांचं भांडण वाचतं. हक्क सोडून द्या असं सांगणारे पाळक आहेत. मी तसं सांगत नाही, कारण बहुतेक वेळा ते दुबळ्या भावालाच सांगितलं जातं. दारू, मारहाण, धमकी असलं काही असेल तर एकट्याने जाऊच नका, गावातला कोणी वडीलधारा सोबत घ्या.

पण मोजणी वेगळी आणि बोलणं वेगळं. दोन वर्षं त्याच्या घरावरून जाताना तुम्ही मान वळवत असाल. दोन वर्षं तुमच्या आईने एका लेकाच्या घरी दुसऱ्याचं नाव काढलं नसेल. मत्तयाच्या ५व्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी दान आणताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जा. नीट वाचा: ‘तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध’ असं नाही म्हटलेलं. चूक कोणाची हे ठरायची वाट बघायला तिथे जागाच ठेवलेली नाही.

मी नेहमी सांगतो की पहिल्या भेटीत जमिनीचा शब्द काढू नका. निमित्त घेऊन जा. आईचं औषध, पुतण्याचा निकाल, काहीही. चहा दिला तर प्या, नाही दिला तर परत या. त्याने दार लावून घेतलं तरी तुमचं जाणं फुकट गेलं असं समजू नका. माझ्या पाहण्यात पहिल्या खेपेला मिटलेली भांडणं फार थोडी आहेत, तिसऱ्या-चौथ्या खेपेला मिटलेली बरीच, आणि काही माती देतानाच मिटली. तुमच्या आईच्या हयातीत झालं तर बरं.

जाताना रस्त्यात तुम्हाला येशू आठवेल की नाही, हे मला विचारायची गरज पडणार नाही. घशाला कोरड पडलेला माणूस आपोआप कोणाला तरी हाक मारतो.

पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे असं लिहिलंय, म्हणजे सकाळी सुटल्यावर दिवस मोकळा आहे. चार तास झोपा, मग गावची एसटी पकडा. आईला आधी सांगून ठेवा, पण बायकोला विचारून. दोन वर्षांत तिलाही काही बोललं गेलं असेल, तिला न विचारता ‘मी माफ केलं’ म्हणून मोकळं होऊ नका. परत आलात की लिहा, चहा मिळाला का ते.